मध्यकर्णाचा तळ : पाठ्यपुस्तकीय वर्णन आणि अस्थिवैविध्य – एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

शरीररचनाशास्त्राचे पाठ्यपुस्तक हा ग्रंथप्रकार समीक्षेच्या कक्षेत सहसा येत नाही. ते वाचले जाते, पाठ केले जाते, परीक्षेपुरते स्मरणात ठेवले जाते; परंतु वर्णनपर गद्य म्हणून त्याची तपासणी क्वचितच होते. वास्तविक वर्णनपर गद्याचा मूलभूत प्रश्न येथे अत्यंत तीव्र स्वरूपात उपस्थित असतो. एखाद्या हाडाचे वर्णन करताना लेखक नेमके कशाचे वर्णन करीत असतो? समोर ठेवलेल्या एका हाडाचे, की माणसांच्या देहात असलेल्या तशा सर्व हाडांचे? पहिले असेल तर त्या वर्णनाला सार्वत्रिकता कोठून येते, आणि दुसरे असेल तर हाडाहाडांतील भेद त्या वर्णनात कोठे जातात?

प्रस्तुत लेखात हा प्रश्न मानवी मध्यकर्णाच्या अस्थिमय तळापुरता मर्यादित करून तपासला आहे. ही जागा अगदी लहान आहे, परंतु वर्णन आणि वास्तव यांतील अंतर तेथे स्पष्ट दिसते. विवेचनासाठी मुख्यतः हेन्री ग्रे यांच्या १८५८ साली लंडन येथे प्रसिद्ध झालेल्या 'अ‍ॅनाटॉमी : डिस्क्रिप्टिव्ह अँड सर्जिकल' या ग्रंथाचा आधार घेतला आहे. 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या या ग्रंथाने इंग्रजी माध्यमातील वैद्यकीय शिक्षणाला वर्णनाची एक शैली दिली, आणि ती आजही टिकून आहे. या ग्रंथात एकाच अस्थिपट्टीचे वर्णन दोन ठिकाणी येते. एका ठिकाणी तिच्यातील वैविध्य मान्य केले जाते, तर दुसऱ्या ठिकाणी ते नाहीसे होते. ज्ञानाची प्रकरणांत होणारी विभागणी या लोपास कशी कारणीभूत ठरते आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, याची चिकित्सा करणे हा या लेखाचा हेतू आहे.

मध्यकर्णाची रचना

कानाच्या पडद्यामागे शंखास्थीत असलेली हवेची पोकळी म्हणजे मध्यकर्ण. हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन सूक्ष्म हाडे याच पोकळीत असतात. पाठ्यपुस्तके तिला सहा बाजूंच्या पेटीची उपमा देतात. तिची उंची आणि मागून पुढची लांबी प्रत्येकी सुमारे १५ मिलिमीटर असते. रुंदी मात्र छतापाशी सुमारे ६, मध्यभागी सुमारे २ आणि तळापाशी सुमारे ४ मिलिमीटर सांगितली जाते. पेटीच्या वर मेंदू, पुढे कॅरॉटिड रोहिणी, आतल्या बाजूस अंतःकर्ण, आणि खाली अंतर्गत जुग्युलर नीला असते. मेंदूतील बहुतांश अशुद्ध रक्त हृदयाकडे नेणारी ही मोठी नीला कवटीबाहेर पडते त्या जागी फुगीर असते. या फुगीर भागाला जुग्युलर कंद असे म्हणता येईल. कंद ज्यात बसतो तो शंखास्थीच्या खालच्या पृष्ठभागावरील खोलगट भाग म्हणजे जुग्युलर खळगा. या खळग्याचे छत आणि मध्यकर्णाचा तळ ही एकाच अस्थिपट्टीची दोन नावे आहेत. खालून पाहिले तर छत, वरून पाहिले तर तळ. पुढील सर्व विवेचन या साध्या वस्तुस्थितीवर उभे आहे.

ग्रे यांच्या ग्रंथातील दोन वर्णने

ग्रे यांचा ग्रंथ अस्थींच्या वर्णनाने सुरू होतो. शंखास्थीच्या अश्मभागाची, म्हणजे दगडासारख्या कठीण भागाची, खालची बाजू तेथे टोकापासून पायथ्याकडे जात, एकेका खुणेला क्रमांक देऊन वर्णिलेली आहे. त्यात जुग्युलर खळग्याचा उल्लेख येतो, तेव्हा त्याची खोली आणि आकार कवटीगणिक वेगळे असतात, अशी नोंद लेखकाने केली आहे. त्यानंतर लगेच जेकबसनच्या मज्जातंतूसाठी असलेल्या सूक्ष्म छिद्राचा निर्देश आहे. डॅनिश शरीररचनाशास्त्रज्ञ लुडविग जेकबसन यांच्या नावाने ओळखला जाणारा हा तंतू खालून हाड भेदून मध्यकर्णात शिरतो.

ज्ञानेंद्रियांच्या प्रकरणात, शेकडो पृष्ठांनंतर, वाचक पुन्हा त्याच अस्थिपट्टीपाशी येतो. यावेळी वरच्या बाजूने. येथे तळाचे वर्णन थोडक्यात आटोपले आहे. तळ अरुंद असून हाडाच्या पातळ पट्टीचा बनलेला आहे, तो पोकळीला जुग्युलर खळग्यापासून वेगळा करतो, आणि आतल्या भिंतीजवळ जेकबसनच्या तंतूसाठी एक लहान छिद्र आहे, असा त्याचा आशय आहे. खळग्याची खोली कवटीगणिक बदलते, ही गोष्ट येथे येत नाही.

दोन्ही वर्णने शेजारी ठेवून वाचली असता एक लक्षणीय बाब समोर येते. केसासारखा बारीक तंतू ज्या छिद्रातून जातो, त्या छिद्राची नोंद दोन्ही प्रकरणांत आहे. एका प्रकरणातून दुसऱ्यात जाताना ते हरवत नाही. हरवते ते केवळ वैविध्य. वस्तूला प्रकरणाची सीमा ओलांडता येते, वस्तूतील भेदाला येत नाही.

हा लोप किरकोळ आहे असे म्हणता येणार नाही, कारण दोन विधानांचा संबंध सरळ भूमितीचा आहे. खळगा जितका खोल, तितके त्याचे छत मध्यकर्णात वर सरकते. अशा कानात तळ पातळ होतो, घुमटासारखा वर उचलला जातो, प्रसंगी काही जागी हाडच उरत नाही. खळगा उथळ असेल तर तळ जाड राहतो आणि त्यात हवेच्या लहान लहान पेशी तयार होऊ शकतात. म्हणजेच खळग्याची खोली बदलते असे म्हणणे आणि मध्यकर्णाचा तळ बदलतो असे म्हणणे यांत फरक नाही. तरीही ग्रंथाने पहिले विधान केले आणि दुसरे केले नाही. हा हिशेब वाचकाने स्वतः करावा, अशी जणू अपेक्षा आहे. आणि हिशेबाचे दोन आकडे ग्रंथाच्या दोन टोकांना आहेत.

याचे कारण लेखकाच्या निष्काळजीपणात शोधणे अन्यायाचे ठरेल. ते दोन प्रकरणांच्या प्रकृतिभेदात आहे असे दिसते. अस्थिप्रकरणाचा वाचक हातात सुटे हाड घेऊन बसलेला असतो. त्याच्या शेजाऱ्याच्या हातातील हाड वेगळे दिसते, म्हणून लेखकाला भेदाची दखल घ्यावीच लागते. इंद्रियप्रकरणात हाड हे हाड राहत नाही. ते एका श्रवणयंत्रणेच्या खोलीची बाजू बनते, आणि सगळे लक्ष पडदा, तीन अस्थिका व अंतःकर्ण यांच्या कार्याकडे वळते. ऐकण्याच्या क्रियेत तळाला काम नाही. ज्याला काम नाही त्याचे वर्णन सीमारेषेसारखे होते, आणि सीमारेषा एकच असावी अशी वर्णनाची सोय असते.

ग्रे १८६१ साली वयाच्या अवघ्या ३४व्या वर्षी देवीच्या रोगाने मरण पावले. पुढील संपादकांनी ग्रंथ सातत्याने सुधारत नेला. अलीकडच्या आवृत्त्यांत तळाच्या वर्णनाला भर घातलेली आढळते. हाड काही जागी नसू शकते, तेथे पोकळी आणि नीला यांच्यामध्ये केवळ श्लेष्मल आवरण व तंतुमय ऊती उरते, तर कधी तळ जाड असून त्यात हवेच्या पेशी असतात, असे आता सांगितले जाते. ही सुधारणा महत्त्वाची आहे. परंतु तिचे वाक्यातील स्थान पाहण्यासारखे आहे. मुख्य विधान पातळ पट्टीचेच राहते आणि भेद त्याला शेपटासारखा जोडला जातो. ज्याला घाई आहे तो विद्यार्थी मुख्य विधान पाठ करतो.

चित्र आणि चित्रकार

ग्रे यांच्या ग्रंथाचे यश ज्या ३६३ आकृत्यांवर उभे आहे, त्या हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांच्या हातच्या. अवयवांची नावे बाजूला यादीत न देता थेट त्या त्या भागावर लिहिण्याची पद्धत हे या चित्रांचे वैशिष्ट्य मानले जाते. अश्मभागाच्या खालच्या बाजूची आकृतीही अशीच आहे. वाचकाची नजर चित्र आणि यादी यांच्यात हेलपाटे घालीत नाही. नाव आणि आकार एकदमच मनात उतरतात.

या पद्धतीचा लाभ निर्विवाद आहे, पण तिची दुसरी बाजूही विचारात घेतली पाहिजे. खळग्यावर खळग्याचे नाव कोरले की तो एक विशिष्ट खळगा त्या नावाचा अर्थच होऊन बसतो. त्याची खोली ही जणू खळग्याची खोली ठरते. मजकूर सांगतो की खोली बदलते. चित्राला ते सांगण्याची सोय नाही, कारण चित्र एकाच हाडाचे असते. स्मरणाच्या स्पर्धेत मजकूर आणि चित्र यांत बहुधा चित्र जिंकते.

कार्टर यांचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, १८५८ मध्ये, ते मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक झाले. १८६३ ते १८७२ या काळात ते साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते आणि १८७७ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्राचार्य झाले. येथील वास्तव्यात त्यांनी कुष्ठरोग, मायसेटोमा आणि आवर्ती ज्वर यांचा अभ्यास केला. मायसेटोमावरील त्यांचा ग्रंथ १८७४ चा आहे. या अभ्यासाची पद्धत प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने बोलकी आहे. तेथे एकेका रुग्णाची, एकेका नमुन्याची नोंद आहे, आणि भेद हा अभ्यासाचा गाभा आहे. ज्या हाताने पाठ्यपुस्तकासाठी एक आदर्श हाड रेखाटले, त्याच हाताने रोगविज्ञानात प्रत्येक नमुना स्वतंत्र मानला. रोगाला भेद असतात आणि निरोगी देहाला एकच रूप असते, ही एकोणिसाव्या शतकातील विभागणी एकाच व्यक्तीच्या कार्यात अशी दिसून येते.

रूपकाची मर्यादा

छत, भिंत, तळ ही भाषा घराची आहे. लॅटिन परिभाषेतही छतासाठी आच्छादन या अर्थाचा आणि बाजूंसाठी भिंत या अर्थाचा शब्द आहे. संपूर्ण पोकळीला नगाऱ्याचे नाव मिळाले. मराठी बोलीने नगारा न घेता पडदा घेतला, पण खोलीची कल्पना कायम राहिली. वर्णनाला रूपक लागतेच. प्रश्न त्या रूपकासोबत येणाऱ्या गृहीतांचा आहे.

घरात जोते आधी घातले जाते आणि भिंती मागून चढतात. जोते भक्कम असते, भार पेलते, आणि घरभर एकाच पातळीत असते. मध्यकर्णाच्या तळाला यातील एकही गोष्ट लागू पडत नाही. तो एकाच हाडातून घडत नाही. पडदा ज्या अस्थिवलयात ताणलेला असतो त्या वलयाचा भाग आणि अश्मभागातून उतरणारी पट्टी यांच्या मीलनातून तो गर्भावस्थेच्या उत्तरार्धात तयार होतो. दोन निराळ्या उगमांच्या पट्ट्या जेथे भेटायच्या, तेथे त्या सर्वच कानांत सारख्या भेटत नाहीत. शिवाय ज्या कंदावर हा तळ आच्छादन घालतो, तो कंद जन्मतः पूर्ण घडलेला नसतो. मूल उभे राहू लागते, रक्तप्रवाहाची रीत बदलते, आणि बालपणात कंद आकार घेऊ लागतो. उजव्या बाजूचा कंद बहुधा मोठा असतो, कारण मेंदूच्या मध्यरेषेवरील मोठ्या नीलामार्गातील रक्त बहुतेकांत उजवीकडे अधिक वळते. अर्थात एकाच माणसाचे दोन तळही सारखे असतीलच असे नाही.

तेव्हा हा तळ म्हणजे वाहत्या रक्ताच्या वर उशिरा सांधले गेलेले झाकण आहे. झाकण म्हटले की ते नीट बसले आहे का, हा प्रश्न आपोआप मनात येतो. तळ म्हटले की तो प्रश्न येत नाही. पाठ्यपुस्तकातील रूपकाचा दोष इतकाच, पण तो पुरेसा आहे.

वैविध्याचे स्वरूप

या तळाचे भेद ढोबळपणे पाच प्रकारांत मांडता येतात. पहिला भेद जाडीचा. काही कानांत तळ गुळगुळीत असतो, काहींत त्यावर उंचवटे, कमानी आणि हवेच्या पेशी असतात. कॉक्लियाच्या पायथ्याखालून पुढे जाणारा एक बोगद्यासारखा मार्गही काही कानांत उघडा, तर काहींत बंद आढळतो.

दुसरा भेद उंच कंदाचा. कंद वर चढलेला असतो, पण त्यावर हाडाचे आवरण असते. तिसरा भेद अस्थिलोपाचा, म्हणजे कंदावर हाडच नसण्याचा. अशा कानात पडद्यामागे निळसर छटा दिसू शकते. कंद वर्तुळाकार गवाक्षाला किंवा अस्थिकांना टेकला तर ऐकू कमी येऊ शकते, आणि काहींना नाडीच्या ठोक्याबरोबर कानात आवाज जाणवतो.

चौथा भेद विरळ पण गंभीर आहे. मानेतील कॅरॉटिड रोहिणीचा एक भाग गर्भावस्थेत नीट घडत नाही, आणि रक्त पर्यायी मार्ग धरते. जेकबसनच्या तंतूसोबत जाणारी लहान रोहिणी रुंदावते आणि तळातील तेच सूक्ष्म छिद्र मोठे होऊन मेंदूकडे जाणारी मुख्य रोहिणी मध्यकर्णातून वाहू लागते. ग्रे यांनी दोन्ही प्रकरणांत ज्या छिद्राची आठवण ठेवली, त्या छिद्रालाही अशा प्रकारे भेद असतो.

पाचवा भेद व्हिएन्नाचे शरीररचनाशास्त्रज्ञ योसेफ हिर्टल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फटीचा. गर्भावस्थेत मध्यकर्णाचा तळ आणि मेंदूची आवरणे यांना जोडणारी ही फट साधारणपणे जन्मापूर्वीच बुजते. ती क्वचित उघडी राहिली तर मेंदूभोवतीचा द्रव कानात येऊ शकतो आणि मेंदूच्या आवरणांना जंतुसंसर्गाचा धोका निर्माण होतो.

या पाचही भेदांत विकृती हा शब्द सरसकट वापरला जातो, आणि तेथे मराठी परिभाषेची एक अडचण पुढे येते. प्रकृती आणि विकृती या जोडीत तिसऱ्या शब्दाला जागा नाही. उंच कंद असलेली असंख्य माणसे आयुष्यभर निरोगी राहतात. त्यांच्या कानाला विकृत म्हणणे शास्त्राला धरून नाही. भेद किंवा वैविध्य हे शब्द येथे अधिक अचूक आहेत. मराठीच्या व्याकरणात मात्र एक सामर्थ्य आहे, ज्याचा उपयोग करून घेता येईल. इंग्रजीत एकाच क्रियापदाने भागते, पण मराठीत तळ पातळ आहे आणि तळ पातळ असतो ही दोन वेगळी वाक्ये होतात. पहिले वाक्य समोरच्या हाडाविषयी आहे, दुसरे नेहमीच्या रीतीविषयी. आणि रीत म्हटली की तिला अपवाद असणार हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. मराठीत शास्त्रीय लेखन करणाऱ्यांनी या दोन रूपांतील फरक जाणीवपूर्वक पाळला, तर लेखकाने एक हाड पाहिले आहे की अनेक, हे वाक्यातूनच कळेल.

टक्केवारीची भाषा

वैविध्याची दखल घेणारे दुसरे टोक म्हणजे टक्केवारीचे लेखन. उंच कंदाचे प्रमाण काही अभ्यासांत जेमतेम काही टक्के, तर काहींत वीस टक्क्यांहून अधिक सांगितले गेले आहे. एवढी तफावत निसर्गाची असू शकते, तशी व्याख्येचीही असू शकते. कोणी पडद्याच्या अस्थिवलयाच्या खालच्या कडेपेक्षा वर आलेल्या कंदाला उंच म्हणतो, कोणी कॉक्लियाच्या पायथ्याच्या वेढ्याशी तुलना करतो, तर कोणी आंतरश्रवणमार्गाच्या तळापासूनचे अंतर मोजतो. तीन निराळ्या पट्ट्यांनी मोजलेली उंची एका रकान्यात लिहून तिची सरासरी काढणे व्यर्थ आहे.

साधनांचाही प्रश्न आहे. कोरड्या कवटीत दिसणारे भोक जन्मतः असेलच असे नाही. कागदासारखे पातळ हाड उकळताना, साफ करताना, वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांच्या हातांतून फिरताना फुटू शकते. महाविद्यालयीन संग्रहातील कवट्यांचे वय आणि लिंग बहुधा नोंदलेले नसते. सीटी स्कॅनमध्ये उलटा धोका संभवतो. प्रतिमेचा काप जाड असेल तर असलेले पातळ हाडही नसल्यासारखे दिसते. म्हणून अस्थिलोपाचा आकडा वाचताना तो कोरड्या हाडाचा आहे, सूक्ष्मदर्शकाखालील छेदाचा आहे, की जिवंत रुग्णाच्या स्कॅनचा, हे आधी विचारले पाहिजे. एकवचनी वर्णन भेद लपवते, तर व्याख्येविना दिलेली टक्केवारी भेदाचा केवळ आभास निर्माण करते.

मौनाची किंमत

पाठ्यपुस्तकातील एका वाक्याला इतके महत्त्व का द्यावे, असा प्रश्न येथे विचारला जाईल. त्याचे उत्तर शस्त्रक्रियागृहात मिळते. कानात द्रव साचलेल्या मुलाच्या पडद्याला छोटा छेद देणे ही अत्यंत नित्याची क्रिया आहे. छेदाची जागा बहुधा पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात असते, आणि अस्थिलोप असलेला कंद नेमका तेथेच मागे दबा धरून असतो. दहा महिन्यांच्या बाळाच्या पडद्याला छेद देताना कंदाला इजा झाली असावी, असा वृत्तांत वैद्यकीय वाङ्मयात १९१४ इतक्या पूर्वी नोंदलेला आहे. पडदा उचलून केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांतही हाच धोका असतो. मध्यकर्णाचा सर्वांत खोल भाग कर्णनलिकेच्या खालच्या कडेच्याही खाली उतरतो, त्यामुळे सूक्ष्मदर्शकातून सरळ पाहणाऱ्या शल्यचिकित्सकाला तळ पूर्ण दिसतच नाही. जे दिसत नाही, त्याबाबत तो वाचलेल्या वर्णनावर विसंबतो.

निदानातील धोका याहून सूक्ष्म आहे. १९४१ मध्ये स्टेसी गिल्ड यांनी कंदाजवळ आणि जेकबसनच्या तंतूच्या मार्गावर आढळणाऱ्या सूक्ष्म ग्लोमस पिंडांचे वर्णन केले. १९४५ मध्ये हॅरी रोझनवॉसर यांनी अशा पिंडांपासून उद्भवलेल्या मध्यकर्णातील गाठीचा वृत्तांत दिला. तेव्हापासून पडद्यामागे दिसणाऱ्या निळ्या वा लाल वस्तूच्या तीन शक्यता झाल्या : कंद, मार्ग बदललेली रोहिणी, आणि ग्लोमस गाठ. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लेखाचा विषयच मध्यकर्णातील गाठ म्हणून समोर आलेली कॅरॉटिड रोहिणी हा होता. गाठ समजून अशा रोहिणीचा तुकडा तपासणीस काढणे म्हणजे प्राणघातक रक्तस्राव वा पक्षाघात यांना आमंत्रण आहे.

या तिन्हींत भेद करताना तळाचे हाडच साक्ष देते. उंच कंदाने निर्माण झालेल्या खंडाच्या कडा गुळगुळीत आणि रेखीव असतात. ग्लोमस गाठीने पोखरलेल्या कडा कसर लागलेल्या कापडासारख्या झिजलेल्या दिसतात. मात्र ही साक्ष समजण्यासाठी निरोगी तळ किती प्रकारचे असू शकतात, हे आधी ठाऊक असावे लागते. ज्याच्या मनात एकच तळ आहे, त्याला प्रत्येक वेगळा तळ रोगट वाटेल, किंवा रोगट तळही केवळ वेगळा वाटेल. पाठ्यपुस्तकातील मौनाची किंमत अशी दोन्हीकडून मोजावी लागते, आणि ती मोजणारा रुग्ण असतो.

पर्यायी परंपरा

एकवचनी वर्णन हे त्या काळाचे अपरिहार्य बंधन होते, असे मात्र म्हणता येत नाही. ग्रे आपला ग्रंथ लिहीत होते त्याच लंडनमध्ये जोसेफ टॉयन्बी हे कर्णशल्यचिकित्सक एकामागून एक कान विच्छेदित करीत होते. १८५७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेली सूची सोळाशेहून अधिक कानांच्या विच्छेदनावर आधारलेली होती. त्यांचा हेतू रोगांचा शोध घेण्याचा असला, तरी पद्धत अनेकवचनी होती. एकाच शहरात, जवळजवळ एकाच वर्षी, कानाविषयी लिहिण्याच्या दोन रीती अशा शेजारी नांदत होत्या. अध्यापनाने त्यांतील एकच उचलली.

विसाव्या शतकात बॅरी अ‍ॅन्सन यांनी १९५० च्या आपल्या शरीररचनेच्या अ‍ॅटलसमध्ये वैविध्याला मुख्य प्रवाहात स्थान दिले. जेम्स डोनाल्डसन यांच्यासह १९६७ मध्ये त्यांनी शंखास्थीच्या शल्यरचनेवर ग्रंथ सिद्ध केला. तेथे क्रमवार छेद आणि विच्छेदने वाचकासमोर ठेवली आहेत, आणि वाढीच्या टप्प्यांतून प्रौढ रचनेकडे जाण्याची दृष्टी आहे. १९८० च्या दशकात उच्च विभेदन सीटी स्कॅनमुळे प्रत्येक रुग्णाचा तळ शस्त्रक्रियेपूर्वी पाहणे शक्य झाले, आणि १९९० च्या दशकापासून कानात एंडोस्कोप वापरात आल्यावर नजरेच्या रेषेखाली राहणारा भाग प्रत्यक्ष दिसू लागला. तळावरील उंचवटे, कमानी आणि बोगदे यांच्या बारीक वर्गीकरणाला त्यानंतर वेग आला. एकंदरीत पाहता साधने अनेकवचनी झाली आहेत. प्रथम वर्षाच्या पुस्तकातील वाक्य मात्र बहुतांशी एकवचनीच आहे.

एक आक्षेप

येथे असा आक्षेप घेतला जाईल की नवख्या विद्यार्थ्याला आधी एक रूप पक्के शिकवले पाहिजे. भेद नंतर येतात. सर्व भेद एकदम सांगितले तर हाती काहीच राहणार नाही. हा आक्षेप वजनदार आहे. मध्याची कल्पना नसेल तर भेदालाही अर्थ उरत नाही, आणि ग्रे यांच्या शैलीचा संक्षेप हाच तिचा गुण आहे.

परंतु या जागेपुरते पाहिले तर भेद सांगण्यासाठी अधिक शब्द लागत नाहीत, वेगळी रचना लागते. पट्टी पातळ आहे असे म्हणण्याऐवजी पट्टीची जाडी खळग्याच्या खोलीवर अवलंबून असते असे म्हटले, तर विद्यार्थ्याच्या हाती एका आकाराऐवजी एक नियम येतो. नियम लक्षात ठेवणे आकारापेक्षा अवघड नाही, आणि नियमातून सर्व भेद काढता येतात. शिवाय जो भेद अस्थिप्रकरणात सांगणे शक्य झाले, तो इंद्रियप्रकरणात सांगणे अशक्य होते, असे मानण्यास आधार नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. एक, मध्यकर्णाच्या तळाचे प्रचलित वर्णन चुकीचे नसून अपुरे आहे, आणि त्याचा अपुरेपणा प्रकरणांच्या विभागणीतून आला आहे. दोन, तळ या रूपकाने स्थैर्याचे असे गृहीत आणले, ज्याला त्या हाडाच्या घडणीत आधार नाही. तीन, व्याख्या न देता मांडलेल्या टक्केवारीने ही उणीव भरून निघत नाही. चार, या उणिवेचे परिणाम निदान आणि शस्त्रक्रिया या दोन्ही क्षेत्रांत प्रत्यक्ष आहेत.

समीक्षेने केवळ दोष दाखवून थांबू नये, या न्यायाने तळाच्या वर्णनाचा एक पर्यायी मसुदा येथे देता येईल : मध्यकर्णाचा तळ हे जुग्युलर खळग्याचे छत असते. खळगा उथळ असल्यास तो जाड व हवेच्या पेशींनी युक्त असतो. खोल असल्यास पातळ व वर उचललेला असतो. आणि काही कानांत तो जागोजागी नसतो, तेथे नीला व पोकळी यांमध्ये केवळ मृदू आवरण असते. आतल्या भिंतीजवळ जेकबसनच्या तंतूचे छिद्र असते; ते क्वचित रुंदावून त्यातून कॅरॉटिड रोहिणी मध्यकर्णात आलेली आढळते.

या मसुद्यात माहिती म्हणून नवे काही नाही. त्यातील प्रत्येक गोष्ट शास्त्राला पूर्वीपासून ठाऊक आहे, आणि तिचा पहिला धागा तर १८५८ च्या ग्रंथातच आहे. बदल झाला आहे तो विधानांच्या क्रमात. जे शेपूट होते ते वाक्याच्या पोटात आले आहे. एका विद्याशाखेच्या दोन प्रकरणांत जर इतकी महत्त्वाची गोष्ट हरवू शकते, तर निरनिराळ्या विद्याशाखांच्या सीमांवर काय काय हरवत असेल, याचा विचार अध्यापन करणाऱ्या प्रत्येकाने आपापल्या विषयाच्या पुस्तकापासून सुरू करण्यासारखा आहे.